दोन याही, एक जिप्सी

तोताराम : …आणि त्यांना हेही सांग पोरी, की पुढच्या बाकावर बसायचं असंल तर बसा म्हणा. आमच्या केळीच्या मुलखात पाहुण्याले चांगली जागा देतात.

भूमिका : काकाजी, ते तुमच्या मांडीला मांडी लावून बसले आहेत. तुम्हीच सांगा न जी.

तोताराम : तू गाईड ना? सांगणं तुझं काम हाये.

अभिमन : बेटा, त्यासले सांग, मी आठेच बरा शे. रातभर त्यासना घोरानी सवय व्हई गयी, आते गाडीना आवाज काय करी?

तोताराम : घोरणं! त्यांना विचार पोरी, लॉजवर पहाटे तीनदा दिवा कोणी लावला?

भूमिका : म्हणजे एका खोलीत होते?

तोताराम : पोरानं एकच खोली घेतली होती. काय करणार.

भूमिका : आणि रात्रभर बोलले नाही? गेटवर आधार कार्डं दाखवली तेव्हा मला वाटलं भाऊ-भाऊ आहेत. टोप्या सारख्या, रुसवा सारखा.

अभिमन : भाऊ नही बेटा. याही शेतस आम्ही.

भूमिका : याही?

तोताराम : माझा जितेंद्र यांचा जावई. यांची दिपमाला माझी सून. नावाची सून. सध्या साक्रीकडे राहते, बापाच्या घरी.

भूमिका : हां, व्याही! आमच्या अकोटकडं इवाई म्हणतात. मग बरोबर आहे. इवाई गोड बोलले तर गाव घाबरतं.

अभिमन : सध्या काब्र राहस, कसासाठे, ते बी सांगाले लाव ना त्यासले.

तोताराम : त्यांनाच विचार. आखाजीले, अक्षय तृतीयेले, माहेरी गेली पोरगी. आखाजी होऊन आंबे संपले, मृग यायले आला.

अभिमन : गयी नही. आम्ही लई गवूत, मानथीन. पहिली आखाजी व्हती तिनी.

तोताराम : नेली ना? मग?

अभिमन : मंग काय? तेच तर मी विचारी राहिनू. मंग?

भूमिका : श्श! हिलालभाऊ, गाडी थांबवा. बंद करा. ऐकलं? सांबर ओरडलं. वाघ जवळ आहे. आता कोणी बोलायचं नाही. हलायचं नाही. काकाजी, ती केळीच्या वेफर्सची पिशवी वाजवू नका.

*

— याही.

— श्श.

— हळू बोलतो ना. पोरीच्या मार्फत किती बोलायचं? तुम्ही बोलावलं, मी आलो. बोला आता.

— मी कोठे बोलावं? तुमीच बोलाई लिधं.

— मी?

— दिपमाला बोलनी. आबा, मामंजीसले तुमनासंगे बोलानं शे, पन घरमा नको, गावमा नको, लोके ऐकतीन. जंगलमा या म्हने.

— अहो, जितेंद्र मले अस्संच बोलला. अभिमनआबांना माफी मागायची हाये, पण चारचौघांत लाज वाटते म्हणे.

— माफी? मी?

— मी म्हटलं, माणूस लाजतो तर लाजू दे. जाऊ जंगलात.

— मी बी तेच म्हनं. मोठा मानूस शे, केळीवाला, वाकाले त्याले येळ लागी. वाट देखू.

— म्हणजे काल रात्री तुम्ही माझी वाट पाहत होते?

— नही तं दिवा काब्र लावू तीनदा? आते बोलतीन, मंग बोलतीन.

— मी समजलो, तुम्ही लघवीले उठू राह्यले.

— म्हंजे त्या दोन्हीसनं फोनवर चालू शे.

— चालू म्हणजे? रोज! माझं पोरगं केळीच्या बागेत जाऊन घड मोजत नाही, बोलत बसतं. मले वाटे, व्यापाऱ्याशी बोलू राह्यलं. इतकं हसून कोणी व्यापाऱ्याशी बोलतं का?

— मंग भांडन नही त्यासनं.

— त्यांचं कधी नव्हतंच. भांडण आपलं हाये.

— तुमनं. मी तं सांजोऱ्या करी ठेल व्हत्यात. शेजारनी सुमनबाईनी तळ्यात. डबा भरी ठेया. कोनी उनं नही लेवाले. वास लागना, गायले घाल्यात.

— गायले? मी इकडे सांजोऱ्यांची वाट बघू राह्यलो, आणि तुम्ही गायले? माझ्या बायकोनं, इंदिरानं, मागच्या खोलीतला पलंग बाहेर काढून धुतला. दोनदा आमरस केला. म्हणे आज येतील, आज येतील. रस आम्हीच खाल्ला, आणि दोन दिवस मोरीत बसलो.

— श्श. पोरगी बोट टोची राहिनी.

— थांब ग पोरी, आधी सांजोऱ्यांचं मिटू दे. याही, खरं सांगा. आमच्या घरात तिले काही कमी पडलं?

— तसं ती बोलनी नही.

— नाही ना? उलट तिनं माझ्या घराची काय दशा केली ते बघा. इंदिराले स्कुटी शिकवायले घेतली. साठीच्या बाईले! इंदिरा चालू करायले शिकली, थांबवायचं शिकायचं राहिलं, आणि तुमची पोर आखाजीले निघून गेली. परवा माझी बायको हॉर्न वाजवत घराभोवती फिरली. पेट्रोल संपलं तेव्हा उतरली.

— हा हा… अरे…

— हसू नका! मले वरून म्हणते, सून आली की ब्रेकचा धडा घेईन. मी काय सांगू तिले?

— सांगा, याहीले मूळ पाठाडता येत नही म्हनीसन.

— मी मूळ पाठवू, न्यायले माणूस धाडू? तुम्ही पोर आणून पोचवायची!

— मी?

— मग कोण, वाघ?

*

भूमिका : गेला.

तोताराम : कोण गेला?

भूमिका : ज्याच्यासाठी तुम्ही एवढ्या लांबून आले. तुमच्या पाठीमागून रस्ता ओलांडला. मध्ये थांबला. तुमच्याकडं बघितलं. मग गेला.

अभिमन : मंग सांगं काब्र नही?

भूमिका : तीनदा पाठीत बोट टोचलं जी. हे म्हणाले, आधी सांजोऱ्यांचं मिटू दे.

तोताराम : मोठा होता?

भूमिका : मोठा होता. चार दिवसांपासून लोक येऊन परत चालले आहेत, कोणाला दिसला नाही. तुम्हाला त्याची पाठ खाजवता येईल इतका जवळ आला होता. हिलालभाऊ, घ्या गाडी, किल्ल्यावर चला. किल्ला तरी पळत नाही.

अभिमन : बेटा, राग नको धरू.

भूमिका : राग नाही धरत. एक सांगा मला, दोघं. पहिल्या आखाजीला पोरगी माहेरी आली. बरं. परत सासरी कोण नेतं जी?

अभिमन : सासरवाला. मूळ येस ना त्यासनं. सासरा, नही तं दीर, नही तं नवरा. मूळ उनं तं पोर निंघस. बिगर मूळनी गयी तं गाव म्हनी, बापले जड व्हयनी, ढकली दिधी.

तोताराम : बाप नेतो. स्वतः पोचवतो, डबा घेऊन, मानानं. सासरच्यानं न्यायले जाणं म्हणजे… गाव म्हणंल, सून रुसून गेली होती, हे हात जोडून घेऊन आले.

भूमिका : अगं बाई!

तोताराम : काय झालं? काय बघू राह्यली?

भूमिका : मी नाही बोलत. तुम्ही दोघं एकमेकांकडं बघा जरा.

अभिमन : तुमनाकडे बाप पोचाडस?

तोताराम : तुमच्याकडे मूळ यावं लागतं?

अभिमन : पह्यलेपासून. आख्खा साक्री तालुकामा.

तोताराम : रावेरकडे कोणालेही विचारा.

अभिमन : लगीनमा मानपानना बठ्ठा इचार करा. पाय कोन धुई, पंगतमा पहिला कोन बशी. घंटा घंटा भांडनूत.

तोताराम : टोप्यांवरून दोन तास.

अभिमन : अन् हाई कोनी इचारं नही.

तोताराम : कोण विचारणार? हे काय विचारायचं असतं? सगळ्यांना माहीतच असतं.

*

भूमिका : हा महाकाली दरवाजा. कोरीव काम बघा, दगडातली फुलं. पुढं शक्कर तलाव, मग नऊगजी तोफ. सावकाश चढा, ऊन आहे.

तोताराम : बघा याही, दरवाजा बघा. तुमचं अख्खं गाव जाईल आतून, बैलगाड्यांसकट.

अभिमन : आमना गावले दरवाजा लागत नही. मानूस येवाले लागस. तेच उनं नही.

तोताराम : आता कळलं ना पण? मग आणा तिले.

अभिमन : कळनं ना? मंग या लेवाले.

तोताराम : म्हणजे आम्ही परत तिथंच.

भूमिका : एवढ्या जुन्या किल्ल्यावर इतका वेडेपणा पहिल्यांदाच होत असेल.

तोताराम : बरं, अर्ध्यात भेटू. तुम्ही अर्धं आणा, मी अर्धं येतो. कोणी पोचवलं नाही, कोणी न्यायले आलं नाही.

अभिमन : धुळं.

तोताराम : धुळं तुमच्या अंगणात हाये! जळगाव.

अभिमन : जळगाव आनी तं आनीच दिधी तुमना दारमा.

तोताराम : पारोळा घ्या मग. तिथं किल्लाही हाये. किल्ल्याच्या दारात मानानं हवाली करा.

अभिमन : पारोळा… चाली.

तोताराम : चालंल? मग तोंड का पाडलं?

अभिमन : काही नही.

तोताराम : बोला. इथं तर गावही नाही ऐकायले.

अभिमन : याही, मी मूळनी वाट देखे. रोज फाटावर जाईसन बसू. एसटी थांबे, मानसं उतरेत, तुमनामाईन कोनी नही. लोके विचारेत, काय आबा, कोनी वाट देखी राहिनात? मी सांगू, खतनी गाडी येनार शे. पन घर ऊनू की ती चुलापान बशेल राहे. भाकर टाके, ताटवर बशीसन गोठ करे. तिनी माय गयी तैपासून मनासमोर कोनी जेवाले बसं नव्हतं. मंग मनमा ये… आज नही उनात ते बरं व्हयनं. पह्यले पह्यले बरं वाटे. मंग ती हसानं बंद करी बसनी. मोबाईल लिसन गच्चीवर जाये. मंग मले भ्याव लागना. मन्ही पोर त्यासले नकोच व्हई काय?

तोताराम : नको? अहो, माझं घर हॉर्न वाजवत फिरू राह्यलं तिच्यासाठी.

भूमिका : काका, तुमचा फोन. इथं तलावापाशीच रेंज येते.

अभिमन : दिपमालाना शे.

(अभिमन पाण्याकडे तोंड करून बोलतो, पलीकडचं कोणाला ऐकू येत नाही.)

अभिमन : हा बेटा, बोल. आवाज येस… वाघ? वाघनी आमले देखं. आमना राही गया… हा, शेतस. बाजूले शेतस. बोलनूत. बठ्ठं बोलनूत. ऐक, पारोळाले… काय?… कवय?… कोन उनं व्हतं?

तोताराम : काय झालं? बरी हाये ना?

अभिमन : थांबा… काल दुपारले?… अन् घरले?… कुलूप. बरं. चावी शेजारना लोटनकडे. बरं… अन् बकरीले? तो देखी. बरं… नही, रागे नही. रागे काब्र भरू?… जेवनी का तू?… बरं. ठेव.

तोताराम : याही?

अभिमन : ती तुमना घर शे.

तोताराम : कोण?

अभिमन : मन्ही पोर. काल तुमी अकोटना गाडीमा बसनात, मी धुळाना गाडीमा. तितलामा जितेंद्र साक्रीले उना. लई गया तिले.

तोताराम : जितेंद्र? तो मले म्हणाला, केळीचा ट्रक भरायले जातो!

अभिमन : तुमी न्यू देतात नही, मी धाडू देत नही. म्हनीसन दोन्हीसले घरबाहेर काढं.

भूमिका : म्हणजे वाघासाठी नाहीच…

तोताराम : तू हसू नको. त्यानं मले दुर्बीण घेऊन दिली हो! नवी दुर्बीण! म्हटलं, पोरगं बापाचं किती करतं… आणि इंदिरा? तिले माहीत होतं?

अभिमन : सकायपासून ब्रेक शिकी राहिनी म्हने.

तोताराम : बघा! या घरात एक माणूस माझ्या बाजूनं नाही. चला, म्हणजे झालं. पारोळ्याचं भाडं वाचलं. याही?… अहो, चांगलं झालं ना?

अभिमन : चांगलंच व्हयनं.

तोताराम : मग?

अभिमन : मूळ उनं व्हतं, याही. मन्हा दारशी. नवरा सोता उना लेवाले. अन् मी घर नव्हतू. तिनी ओटी कोनी भरी व्हई?

तोताराम : सुमनबाई असंल ना शेजारी. तिनं भरली असंल.

अभिमन : भरी व्हई.

भूमिका : काका, पाणी घ्या. या सावलीत बसा.

अभिमन : बशस. तोफ देखी या तुमी. मन्ही धुळानी गाडी दुपारनी शे, अकोटथून.

तोताराम : जाऊन काय करणार? कुलूप बघणार?

अभिमन : चावी लोटनकडे शे.

तोताराम : राहू द्या लोटनकडे. माझ्यासंगं चला. रस्त्यातच हाये.

अभिमन : लेकना घर कसा राहसू? लोके काय म्हनतीन? आमनाकडे बाप पानी बी पेत नही तठे.

तोताराम : लेकीकडे नका राहू. माझ्याकडे राहा.

अभिमन : …सकायनी पहिली गाडी सापडी ना?

तोताराम : सापडली तर जा.