फॉर्मवरचं ‘नाही’

नाही हो डॉक्टर मॅडम, सकाळीच सांगितलं ना — घरात कुणाला भुलीचा त्रास झालेला नाही. फॉर्मवर लिहिलंय तसं, सही माझीच आहे, मीच विनीतची आई. पण अपेंडिक्सच्या ऑपरेशनात ताप कसा चढेल? आत नेताना मी कपाळाला हात लावून बघितलं होतं, गार होतं. एकशे पाच? आणि दातखीळ बसलीय म्हणजे? अंग ताठ झालंय का त्याचं? — लाकडासारखं?

धनेशचं तसंच झालं होतं. धनेश म्हणजे माझा भाऊ, तो तापाने गेला — म्हणजे आम्ही तसंच सांगतो. बारा वर्षांचा होता, टॉन्सिल काढायला नेला होता, आइस्क्रीम मिळणार म्हणून खुशीत चालत गेला. आई म्हणायची, चादरीवरून हात लावला तरी चटका बसत होता. हो, भूल दिल्यावरच. भूल दिल्यावरच, मॅडम.

बाबांनी चाळीत तापाचं सांगितलं, कारण आम्हा तिघी बहिणींची लग्नं व्हायची होती — रक्तात दोष आहे म्हटल्यावर कोण दारात उभं करणार? डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, घरात पुढे कुणाचं ऑपरेशन असलं तर आधी दाखवा म्हणून. माझी सुपारी फुटली त्या दिवशी बाबांनी ती चिठ्ठी गॅसवर धरली. त्यात काय लिहिलं होतं ते मला कसं कळणार — नाही, कळलं होतं. मी वाचली होती. दोनदा.

आज सकाळी लिहिणारच होते. पण सासूबाई शेजारी बसलेल्या, चष्मा लावून माझ्या पेनाकडे बघत — सोळा वर्षं जे बोलले नाही ते त्यांच्यासमोर कसं लिहू? वाटलं, एवढंसं ऑपरेशन. वाटलं, धनेश माझा भाऊ, विनीत माझा मुलगा, मधे मी धडधाकट आहे की, मला कुठे काय झालं? — मला कधी भूल दिलीच नाही. बाळंतपणही साधंच. हे आत्ता सुचतंय बघा मला.

भुलीच्या या तापावरचं औषध दुसऱ्या हॉस्पिटलातून आणायचं म्हणता, तर आणा ना, कुणासाठी थांबलात — माझ्यासाठी? माझ्याच उत्तरासाठी?

दिलं मी उत्तर. सासूबाई, तुम्ही बसा, तुमच्याशी मी नंतर बोलेन. मॅडम, लिहीत काय बसलात, आत जा. जा.