माझं बटण मीच

पालिकेच्या मतदानाच्या रांगेत उभा होतो. शेजारच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बहिणी बोलत होत्या. थोरलीला दिसत नव्हतं, ती नुकतीच मत देऊन आली होती. धाकटी दुसऱ्या राज्यातून आलेली पाहुणी.

“आमच्याकडे यंत्रावर उठावाचे ठिपके कधीचे आलेत, ताई. चाचपायचं आणि बटण दाबायचं.”

“आमच्याकडे यंदा आले बाई एकदाचे. आजवर मुलगा आत यायचा. मी सांगायची, तो दाबायचा.”

“आणि आज?”

“त्याला दारातच थांबवलं. सुटले गं.”

“रुसला असेल.”

“दोनदा विचारून झालं, कुणाला दिलंस म्हणून.”

“सांगितलंस?”

“कशाला सांगू? इतकी वर्षं तो माझ्या नावाने काय दाबत होता, ते मला तरी कुठे ठाऊक होतं.”