बेटावर राहिलेलं इंजिन

(अंधेरी, १९८६. सोलर पॅनेल बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस. फिटर दशरथ कोकणातल्या एका बेटावरून सकाळीच परतलाय. इंजिनियर विद्याधर त्याच्या रिकाम्या हातांकडे बघतोय.)

विद्याधर : इंजिन आणायला सांगितलं होतं ना?

दशरथ : हो साहेब.

विद्याधर : मग?

दशरथ : बेटावरच ठेवलं.

विद्याधर : दशरथ, दोनच कामं होती. पॅनेल बसवायची आणि डिझेल इंजिन उचलून आणायचं. पॅनेल तरी बसली?

दशरथ : झकास बसली. बत्तीस घरांत ट्यूब लागली. पहिल्याच संध्याकाळी सगळे बाहेर येऊन बसले. म्हणाले, लाइट गेली.

विद्याधर : लाइट होती ना?

दशरथ : होती. आवाज नव्हता. नऊ वर्षांत त्यांनी इंजिनाच्या आवाजाशिवाय लाइट बघितलेलीच नाय.

विद्याधर : होईल सवय. शुक्रवारी तपासणीला दिल्लीहून सरकारी माणसं येतायत. मी अहवालात ‘डिझेल शून्य’ लिहून बसलोय.

दशरथ : इंजिन चालवणारा धाकू रडकुंडीला आला. तरी तुम्ही म्हणालात तसं, इंजिन चालूच होऊ नये म्हणून मी त्याचं नोझल काढून पिशवीत घातलं. तिसऱ्या दिवशी सांजेलाच धुकं उतरलं. तिथल्या लवूची मासेमारीची होडी समुद्रात. तिघं जण होते.

विद्याधर : दिवे होते की किनाऱ्यावर!

दशरथ : सगळे चालू. वीस पावलांवरून एक दिसेना. धुक्यात होड्या इंजिनाच्या आवाजावर घरी येतात, साहेब. हे आपल्याला कोण बोललंच नाय.

विद्याधर : आपण विचारलं होतं?

दशरथ : आपल्या पाहणीच्या फॉर्मात तो प्रश्न नव्हता.

विद्याधर : पुढे?

दशरथ : लवूची बायको, मालन, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पिशवीकडे बघत होती. मी नोझल परत बसवलं. पाच मिनटांचं काम, अर्धा तास लागला. घाईत दोनदा उलटंच बसवलं. मग धाकूने हँडल मारलं.

विद्याधर : आली होडी?

दशरथ : तासाभराने. खडकावर जाता जाता वळली. लवू उतरला तो धाकूवरच ओरडला, “मेल्या, आज इंजिन उशिरा कित्याक लावलंस?”

विद्याधर : तुम्ही काय म्हणालात?

दशरथ : म्हटलं, उशीर माझा होता.

विद्याधर : आता मी दिल्लीला काय लिहू?

दशरथ : धुक्याला इंजिन, एरवी सूर्य.

विद्याधर : तसा रकाना नाही. आवाजच हवाय ना? बॅटरीवर भोंगा लावला तर?

दशरथ : चालेल. धाकूच वाजवेल.

विद्याधर : पण शुक्रवारपर्यंत भोंगा आणायचा कुठून?

दशरथ : ब्याऐंशीच्या संपाआधी मी कापड गिरणीत होतो. आमची परत उघडलीच नाय. पाळीला कामगारांना बोलावणारा विजेवरचा भोंगा छपरावर तसाच आहे. तुम्ही परवानगी काढा, मी उतरवतो.

विद्याधर : मोटर आपण बॅटरीवर चालेल अशी छोटी बसवू. पण वाजेल का अजून?

दशरथ : वाजेल, साहेब. चार वर्षं त्याला बोलवायला कोणी कामगार नव्हते, एवढंच.