सुमेधचं सोंग बैलांपाशी

मंडळी, भंतेजींची वंदना झाली, सरपंच बोलले. आता म्हणे आजीनं दोन शब्द बोलावेत. कोणते बोलू? नातवाच्या शोकसभेत आजी उभी राहती, ही काय रीत झाली? पण उभी राहिले तर बोलते. माझी शाळा दुसरीपोतर, चुकलं तर चुकलं.

सुमेध हिंगोलीला हळदीच्या आडतीत कामाला होता. दर रविवारी सेनगावला यायचा. माझ्या हातचं जेवायचा, पण यायचा खेळायला, अझहरच्या शिलाईच्या दुकानात. त्या रविवारी खेळून दिवस मावळता परत निघाला, आणि रस्त्यात उभ्या ट्रॉलीवर त्याची गाडी गेली. ट्रॉलीला मागं दिवा न्हवता.

गावात काय बोलून राहिले ते मला ऐकू येतं. फाशांच्या नादानं पोरगं गेलं म्हणतात. दिव्याचं कोणी बोलत न्हाई. काहून? ट्रॉली आपल्यातल्याच कोणाची हाय म्हणून?

खेळ कसला ते मी सांगते, मी बसून पाहिला हाय. कापड कापायच्या टेबलाभोवती चौघं बसतात. अझहर गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक सोंग घेतात. कोणी चोर, कोणी वैद्य. आपला सुमेध पहिलवान. घागर उचलली की कंबर धरणारं किडकिडीत पोरगं, पण तिथं पहिलवान. फासा कशाला, मी इचारलं. त्यांच्यातली प्रणिता म्हणाली, पहिलवानाच्या लाथेनं दार मोडतं का न्हाई, ते फासा सांगतो. मी म्हणलं, आमचं मोडकं दार बसवून द्या आधी. हसले सगळे. पैसा न्हाई, दारू न्हाई. चहा तेवढा उकळून उकळून काळा.

त्यांची एक रीत हाय. एखादा रविवारी आला न्हाई, तर त्याचं सोंग गोष्टीत मारून टाकायचं न्हाई. गोष्टीत सगळे बैलगाडीनं फिरतात, तर तो बैलांपाशी थांबला, असं म्हणायचं. बाकीचे गोष्टीत पुढं जातात. तो आला की पुन्हा त्यांच्यात मिळतो.

मागच्या रविवारी हे तिघं पुन्हा बसले. अझहर सवयीनं म्हणाला, सुमेध बैलांपाशी थांबला. पुढची गोष्ट त्याच्या तोंडातून निघंना. तिघं उठून माझ्याकडं आले. आत्ता तिकडं चपलांपाशी उभे हायेत ना, तसेच उभे राहिले. अझहर म्हणाला, "आजी, तो गेला असं मला म्हणवत न्हाई. किती दिवस थांबवू त्याला?"

मी झापलं. म्हणलं, मी काय तुमची पंच हाय? मान खाली घालून गेले बिचारे.

पण तेव्हापासून माझा डोळा लागत न्हाई. कारण त्याच दुपारी माझ्या सुनेनं, त्याच्या आईनं, त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. कामात अडकला असंल, म्हणाली. मी ताटाकडं पाहिलं. माझ्या जिभेला सगळं गाव भेतं. घरात ती उचलंना.

तर अझहर, आत ये. प्रणिता, तुम्ही दोघं बी. खेळ बंद करायचा न्हाई. रविवारी बसा. पण त्याला थांबवू नका. मेला म्हणा, मोठ्यानं म्हणा. त्यासाठी फासा टाकायचा न्हाई. रडू आलं तर रडा, आणि मग गोष्ट पुढं न्या. कोणी अडवलं तर माझं नाव सांगा.

सूनबाई, घरात मला हे बोलवलं न्हाई, म्हणून चारचौघांत बोलते. राग येईल तुला. येऊ दे. येत्या रविवारी त्याचं ताट वाढू नको. आपला सुमेध मेला.

हे बराबर केलं का न्हाई, मला म्हाईत न्हाई.

आता सगळे उभे राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका, फाशांचं न्हाई, दिव्याचं बी न्हाई. सूनबाई, इकडं ये. मला धर.