फोनला शिकवलेली बोली

मौद्याहून नागपूरला येणाऱ्या बसमध्ये पुढच्या सीटवर बाप आणि लेक बोलत होते.

"दिपाली, पुण्याच्या कंपनीनं परत कामावर बोलावलं, अन् तू इथं फोनले बोलणं शिकवून राहिली?"

"आपली बोली शिकवून राहिली, बाबा. डोळे मिटले का मले दिसते, सांज झाली हाय, अन् वावरावावरात माणसं फोनसंग बोलून राहिले."

"सपनानं पोट भरते का वं? आजच हो म्हणून कळव त्याईले."

"कळवतो. पण घ्या, एकदा या फोनसंग बोलून तर पाहा."

"नमस्कार साहेब. आमच्या तुरीवर अळी पडली आहे. कृपया उपाय सांगावा."

फोन गप्प.

"पाहा, मुकाच हाय तुहा फोन!"

"साहेबासंग बोलल्यासारखं नोका बोलू, बाबा. घरी बोलता तसं बोला."

"काहून बे, माह्या तुरीवर अळी पडली, अन् तू चूप बसून राहिला?"

"कोणती अळी हाय, काका? हिरवी का भुरकट?" फोनमधून आवाज आला.

"आता गं माय! हा तर बांधावर उभा राहून विचारते!"

"बाबा, मंग पुण्याले हो कळवू ना?"

"नाही म्हण. अन् थांब जराशी, तो मले विचारून राहिला ना. हिरवी हाय गा, हिरवी. शेंगाईत घुसली."