अर्धी गिरकी

—नाही रे बाबा, उभं राहायला नको सांगूस. बसल्या बसल्या काय काढायचे ते फोटो काढ. लेक सांगून गेली ना तुला, गार हवेनं आईचा गुडघा धरलाय म्हणून — बरोबरच सांगितलं, गारच आहे हवा. तू आपलं लेकीच्या नाचाच्या क्लाससाठी केलेलं ते मोबाइलवरचं पान दाखव. आणि पान कसलं रे हे, उलटता येत नाही, नुसतं खाली खाली सरकतंय, विहिरीत बादली सोडल्यासारखं. काय लिहिलंय? मी शाळेची पायरी चढलेली नाही, तूच वाच. — 'घरबसल्या नाचा, वयाची अट नाही, बूट नकोत, मोजे चालतील.' बरं. आणि खालचं हे लाल बटण दाबलं की बाया कोर्सात शिरणार. छान. चालायलाच हवा हा क्लास, चांगली नोकरी सोडून मांडलाय पोरीनं.

हो, व्हिडिओतली ती मीच. चांगली हसतेय की. हात बघ कसे चाललेत — लहानपणापासून असेच, भांडी घासतानासुद्धा नाचायचे, आई म्हणायची, कार्टे, एक दिवस सगळ्या बश्या फोडशील. — मधेच तुटतो? हो, तुटतो खरा. गिरकी घेतेय आणि तोंड भिंतीकडे झालं की संपलं. पुढचं दे म्हणतोस, गिरकी पुरी होऊ दे म्हणतोस. पुढचं काय देऊ बाबा? पुढं फरशीच आहे.

बोलून गेले बघ. जिभेला हाड नाही, आणि ज्याला होतं ते मोडलं. गुडघ्याला काही झालेलं नाही रे, खुबा गेलाय. फरशी काळी, पाय उठून दिसावेत म्हणून लेकीनं पांढरे मोजे आणले, स्वतः खाली बसून माझ्या पायात चढवले, लहान मुलीला घालतात तसे — आणि म्हणाली, आई, आता झोकात फिर. फिरले झोकात. तेव्हापासून ही खोली, ही खिडकी आणि समोरची ती पाण्याची टाकी. — लेक वाईट नाही हं, तसं मनात आणू नकोस. अंघोळ तीच घालते, भांडं तीच देते, नाक मुरडत नाही कधी. उचलताना 'एक, दोन, तीन' म्हणते, क्लासात म्हणते त्याच चालीवर. मी म्हणते, माझा कोर्स फुकटात चाललाय. हसतो आम्ही.

पण लेकीनं हा व्हिडिओ आधीच चार लोकांना पाठवलाय, तो बघून काल कुणा बाईचा निरोप आला, लेकीनं हौसेनं वाचून दाखवला — तुमच्या आईंसारखी गिरकी मला जमेल का, मी माझ्या वेळात करीन, घरात एकटीच असते. एकटीच असते, ऐकलंस? मी पडले तेव्हा लेक समोर होती. त्या बाईसमोर कोण, मोबाइल? रात्रभर डोळा लागला नाही माझा. तर तू एवढं कर, ती गिरकी काढून टाक. हात हलवतेय तेवढंच ठेव. लेकीनं विचारलं तर सांग, बिघडलं, उडालं — तुम्हा लोकांना कारणांची काय कमी?

—मीच सांगू? कशी सांगू? त्या मोज्यांबद्दल आम्ही दोघी आजवर चकार शब्द बोललेलो नाही. दवाखान्यातसुद्धा ती म्हणाली, चक्कर आली आईला, आणि मी मान डोलावली. आता तोंड उघडलं तर तिला वाटेल, आई इतके दिवस हेच उगाळत पडली होती. आणि रात्री कूस बदलायला हाक कुणाला मारायची? तिलाच ना? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं — तूच सांग काय करू. नको, सांगू नकोस. गप्प. कुलूप वाजलं, आली ती.

—काही नाही गं, व्हिडिओ बघत होतो. हा म्हणतो मधेच तुटतो. — काय? सगळ्यात वर? मोठा करून? — अस्सं, तुटतो तिथून परत पहिल्यापासून, म्हणजे कळायचंही नाही. आपोआप. फिरतच राहणार मी. — आवडलं ना, आवडलं की. नाही गं, डोळे कुठं भरलेत, त्या स्क्रीनचा उजेड लागतोय.

तू रे काय बघत बसलायस माझ्याकडे? ती सांगतेय तसं कर.