जगन नट आहे

मुरबाडच्या स्टँडवर टोकावड्याची गाडी काही येत नव्हती. माझ्या शेजारची बाई दर मिनिटाला उठून रस्त्याकडे बघत होती. सोबत तिचा भाऊ आणि लेक.

"गाडी येऊ दे. त्यांच्या दारात जाते नि सोयरीक मोडून येते."

"अगो हौसा, पण झालं काय? जगन वाशिंदला कंपनीत कायम हाय."

"कंपनीतच विचारून आले मी, दामू. सायेब हसला नि बोलला, 'जगन? ही इज अ नट!' तोंडाला रंग फासणाऱ्या नटाला माझी पोर नाय द्यायची!"

"येडी काय गो तू? तो बोल्टाचा नट. जगन नट आवळतो."

"मग सायेब हसला कशाला?"

"नम्रता, तू धावी शिकलीस. सांग, नट म्हंजे काय?"

"नाय आठवत, मामा."

"वाया गेली फी! ओ बाबा, तुमी चष्मेवाले, तुमी सांगा."

पोरगी माझ्याकडे टक लावून बघू लागली.

"विलायतेत नट म्हणजे अक्रोड. वरून टणक, आत गोड. राणीच्या वाड्यात मी अक्रोड फोडायला होतो, तिथे जावयालाच नट म्हणायचे."

"अगो बाई! दामू, चल, पेढे तरी घेऊ."

दोघं दुकानाकडे गेली.

"बाबा, नट म्हंजे येडा ना?"

"हो. मोडायची का सोयरीक?"

"छे! म्हशाच्या जत्रेत मी पाळण्यात बसले, तर हा माझ्या चपला हातात धरून खाली उभा. सायबाला आत्ता कळलं, मला कधीचं ठाव हाय."